नोंदी शून्य, गहाळ शून्य

दुसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टचं एक बरं असतं, विषयासाठी डोकं चालवावं लागत नाही. लायब्ररी मॅनेजमेंट, हॉस्पिटल मॅनेजमेंट, फारच उत्साही ग्रुप असेल तर मेस मॅनेजमेंट. सिनियरकडून रिपोर्ट आणायचा, पहिल्या पानावरची नावं बदलायची, स्पायरल बाइंडिंग करायचं... झालं! आम्ही दोघींनीही फॉर्मवर सरळ 'लायब्ररी' लिहून दिलं होतं. आमच्या गाइड सरांनी फॉर्म वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मी इथे लागल्यापासून दरवर्षी चार ग्रुप ही लायब्ररी मॅनेज करतायत. अजून होत नाहीये का ती?"

आम्ही खाली बघून हसलो. सरांनी ड्रॉवरमधून एक पेन ड्राइव्ह काढला.

"यात माझ्या जुन्या बीबीएसच्या फाइली आहेत. प्रत्येक फोल्डरमध्ये एक यादी आहे. यादीत लिहिलंय ते जागेवर आहे का, आणि जागेवर आहे ते यादीत आहे का, एवढं सांगणारा प्रोग्राम सी मध्ये लिहा. बास." मग जरा थांबून म्हणाले, "आणि आधी कॉपी करून घ्या. हे एवढंच उरलंय."

हे शेवटचं वाक्य आम्ही दोघींनी नीट ऐकलं होतं. मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यात 'आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं' म्हणायची सोय नाही.

बीबीएस म्हणजे बुलेटिन बोर्ड सिस्टिम. आम्हाला आधी ते एखाद्या पतपेढीचं नाव वाटलं होतं! एक कॉम्प्युटर, त्याला एक मोडेम, मोडेमला घरातली टेलिफोन लाइन. दुसऱ्या कुणीतरी आपल्या मोडेमवरून तो नंबर फिरवायचा, पलीकडचा कॉम्प्युटर फोन उचलणार, पडद्यावर मेनू येणार. निरोप वाचा, निरोप लिहा, फाइली उतरवून घ्या, फोन ठेवा. लाइन एकच असली तर एका वेळी एकच पाहुणा, बाकीच्यांना एंगेज टोन. असा पहिला बोर्ड अमेरिकेत शिकागोला सुरू झाला. जानेवारी १९७८ मध्ये तिथे प्रचंड हिमवादळ आलं, घराबाहेर पडणं बंद झालं, आणि वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस या दोघांनी हा उद्योग आरंभला. १६ फेब्रुवारी १९७८ ला बोर्ड लोकांसाठी खुला झाला. १९८४ मध्ये टॉम जेनिंग्जने 'फिडोनेट' काढलं, त्यात हे बोर्ड रात्री एकमेकांना फोन करून टपाल पोचवायचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई-दिल्लीतही हौशी लोकांनी बोर्ड चालवले. आपल्याकडे व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. त्याआधी घरी कॉम्प्युटर असलेल्या माणसाला 'ऑनलाइन' जायचं म्हणजे हेच.

सरांचा बोर्ड ठाण्याच्या घरातून चालायचा, ते स्वतः इंजिनियरिंगला असताना. वेळ रात्री अकरा ते सकाळी सहा. दिवसा फोन घरच्यांचा. "एकदा मावशीचा रात्री साडेअकराला अर्जंट फोन आला आणि तिला मोडेमची शिट्टी ऐकू आली. ती समजली आमच्याकडे काहीतरी भयंकर झालंय!" सर सांगत होते.

आता यादी कशाला लागते? डॉसमध्ये फाइलचं नाव आठ अक्षरं, टिंब आणि वर तीन अक्षरं, एवढंच. त्या आठ अक्षरांत आत काय आहे ते काय कळणार? म्हणून बऱ्याच बोर्डांवर प्रत्येक फोल्डरमध्ये 'फाइल्स.बीबीएस' नावाची एक साधी टेक्स्ट फाइल असायची. डावीकडे फाइलचं नाव, उजवीकडे माहिती. ही माहिती बोर्ड चालवणारा, म्हणजे सिसॉप, हाताने टाइप करायचा. फोन करणाऱ्याला दिसायची ती यादी. डिस्कवर खरोखर काय आहे ते त्याला दिसायचं नाही.

आणि इथेच सगळी गोम आहे. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली की त्या दोन गोष्टी कधी ना कधी वेगळ्या होतातच. सिसॉपने जागा करायला फाइल उडवली आणि यादीतली ओळ तशीच राहिली. नाहीतर नवी फाइल टाकली आणि यादीत लिहायला विसरला. आज आपल्याला यात काय एवढं असं वाटतं. पण हिशोब करून बघा. २४०० बीपीएसचा मोडेम, एका अक्षराला स्टार्ट आणि स्टॉप धरून दहा बिट, म्हणजे सेकंदाला २४० अक्षरं. ३०० केबीची फाइल उतरवायला साधारण २१ मिनिटं! तेवढा वेळ फोनचं मीटर चालू, बोर्डाची लाइन अडकलेली, आणि तिकडे कुणीतरी अर्धा तास नंबर फिरवतोय. अशा वेळी यादीत आहे म्हणून मागितलेली फाइल 'सापडत नाही' म्हणून आली, किंवा उतरवून झाल्यावर झिप अर्धवट निघाली, तर माणूस बोर्डाचं नाव टाकून देणार. उलट बाजूही तशीच. यादीत नसलेली फाइल कुणाला माहीतच नाही, आणि ४० एमबीच्या डिस्कवर ती फुकट जागा अडवून बसलेली. म्हणून यादी आणि डिस्क ताडून बघणाऱ्या छोट्या छोट्या युटिलिटी निघाल्या. सिसॉप मंडळी स्वतःच त्या लिहायची आणि एकमेकांच्या बोर्डावर टाकायची.

आम्हाला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. यादी उघडा, ओळीतला पहिला शब्द घ्या, फोल्डरमध्ये शोधा. पहिल्याच रनला उत्तर आलं: नोंदी ६१२, गहाळ ६१२. आम्ही दोघी घाबरून पेन ड्राइव्हकडे बघायला लागलो. फाइली तर सगळ्या होत्या! मग लक्षात आलं, यादीत नावं स्मॉल लेटर्समध्ये, डिस्कवर कॅपिटल. डॉसला फरक पडत नाही, आमच्या 'स्ट्रिंग कंपेअर'ला पडतो. खूप हसलो. तेव्हाच एक गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी होती, की प्रोग्राम जेव्हा 'सगळंच नाही' म्हणतो तेव्हा चूक बहुतेक प्रोग्रामची असते. बसली नाही.

मग एकेक गमती. माहिती लांब असली की ती पुढच्या ओळीवर जाते आणि ती ओळ स्पेसने सुरू होते, ती नवी नोंद नाही. मध्येच शीर्षकं असतात, त्यांत फाइलचं नावच नसतं. काही ठिकाणी माहितीच्या आधी चौकटी कंसात आकडा, म्हणजे ती फाइल किती जणांनी उतरवली त्याची मोजणी. झिपची तपासणी वेगळी. नुसती फाइल असून भागत नाही, ती धड आहे का ते बघायला लागतं. झिपमध्ये आतल्या प्रत्येक फाइलचा सीआरसी लिहिलेला असतो, तो पुन्हा काढून जुळवायचा. शिवाय झिपची स्वतःचीही एक यादी असते आणि ती फाइलच्या अगदी शेवटी असते. म्हणजे उतरवताना फोन मध्येच तुटला की नेमकी यादीच गायब!

पण खरी मजा सरांनी लिहिलेल्या माहितीत होती. सगळी मराठीत, फक्त लिपी रोमन. एका गेमपुढे लिहिलं होतं, 'दुसरी लेव्हल आली की हँग होतो, पहिलीच दोनदा खेळा.' एका म्युझिक प्रोग्रामपुढे, 'चांगला आहे, पण रात्री चालवू नये, बाबा उठतात.' आम्ही प्रोग्राम लिहायचं सोडून यादीच वाचत बसायचो.

शेवटी खरा निकाल आला. नोंदी ६१२, यादीत आहेत पण जागेवर नाहीत अशा २३, जागेवर आहेत पण यादीत नाहीत अशा १४. आम्ही खूष. त्या दिवशी लॅबचे मामा डेड स्टॉक रजिस्टर घेऊन व्हेरिफिकेशन करत होते. एकेक टेबल, एकेक मॉनिटर, नंबर बघून टिक. एका सीआरओपाशी अडले. रजिस्टरमध्ये होता, कपाटात नव्हता. मी सहज म्हटलं, "मामा, नाहीये ना, मग खोडून टाका की लाइन." मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मी त्यांच्या पगाराची स्लिप फाडायला सांगितली असावी. "ताई, नोंद खोडायची नसते. शेरा मारायचा असतो." आणि लाल पेनाने शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'आढळले नाही'. पुढे कमिटी बसेल, चौकशी होईल, निर्लेखन होईल, तो भाग वेगळा. आम्हाला हसू आलं. एवढी सरकारी पद्धत कशाला!

रिव्ह्यू आठवड्यावर आला तेव्हा पार्टनर म्हणाली, "अगं, नुसता रिपोर्ट देऊन काय होणार? काहीतरी फीचर पाहिजे." फीचर माझ्याच डोक्यातून निघालं. 'ऑटो फिक्स'. फाइल जागेवर नाही? यादीतली ओळ आपोआप उडवायची. दहा ओळींचा कोड. जुनी यादी 'डब्ल्यू' मोडमध्ये उघडायची आणि उरलेल्या ओळी परत लिहायच्या. मी लिहिला, पार्टनरने टाळी दिली.

कॉपीचं सांगते. आम्ही झिप फाइली लॅबच्या मशीनवर कॉपी केल्या होत्या, कारण पेन ड्राइव्हवरून सीआरसी काढायला फार वेळ लागायचा. याद्या मात्र पेन ड्राइव्हवरच वापरत होतो. एवढुशा टेक्स्ट फाइली, त्यांची काय कॉपी करायची! रिव्ह्यूच्या दिवशी सकाळी लाइट गेली. आली तेव्हा मशीन रिस्टार्ट झालं. आमच्या लॅबच्या मशीनवर असं सॉफ्टवेअर आहे की रिस्टार्ट झालं की सगळं होतं तसं पूर्ववत करतं. आमचा कॉपी केलेला फोल्डर गेला. तो गेलाय हे बघायचं आमच्या ध्यानात नाही. कुठे नंबर येईल या घाईत ऑटो फिक्ससकट प्रोग्राम चालवून बघितला. पडद्यावरून सरसर ओळी गेल्या, आम्हाला वाटलं काम करतोय. करतच होता. एकेक फाइल शोधत होता, सापडत नव्हती, एकेक ओळ उडवत होता.

मग रिव्ह्यूसाठी पुन्हा चालवला, पॅनेलसमोर. गाइड सर आमच्या पॅनेलवर नव्हते, दुसरे दोघे होते. पडद्यावर आलं:

नोंदी ०, गहाळ ०, यादीबाहेर ०. यादी व डिस्क पूर्ण जुळते.

रिकामी यादी आणि रिकामा फोल्डर. दोन शून्यं इतकी छान जुळतात की त्याहून जास्त काही जुळूच शकत नाही. मॅडम म्हणाल्या, "छान, सगळं मॅच होतंय." पुढे अठरा ग्रुप बाकी होते. त्यांनी बावीस मार्क लिहिले, पंचवीसपैकी. त्या शून्याकडे मी बघत होते. मला कळलं होतं. मी काही बोलले नाही.

रात्री होस्टेलवर आम्ही रडून घेतलं, मग कामाला लागलो. झिप फाइली पेन ड्राइव्हवर सुरक्षित होत्या, गेली होती ती फक्त माहिती. अनेक झिपच्या आत 'फाइल-आयडी-डिझ' नावाची छोटी फाइल असते. प्रोग्राम लिहिणारा स्वतःच त्यात माहिती लिहून ठेवतो, जास्तीत जास्त दहा ओळी, ओळीला ४५ अक्षरं. त्यावरून ३८८ नोंदी परत उभ्या राहिल्या. पण ती माहिती कंपनीची. 'रात्री चालवू नये' त्यात कुठून येणार? पेन ड्राइव्ह रिकव्हरी सॉफ्टवेअरने खरवडला, तर सरांच्या भाषेतल्या ९७ ओळी तुकड्यातुकड्यांनी मिळाल्या. बाकीच्या जागेवर आमच्याच प्रोग्रामने लॉग लिहून ठेवला होता.

राहिल्या १२७. पहाटे तीनला पार्टनर म्हणाली, "डॉसबॉक्समध्ये एकेक प्रोग्राम उघडून बघू आणि आपणच लिहू. सरांच्या स्टाइलमध्ये. त्यांना तरी एवढं कुठे आठवत असणार?" आणि आम्ही लिहिल्या. सहा-सात ओळी लिहिल्या. वाईट म्हणजे त्या अगदी खऱ्या वाटत होत्या. कुठलाही प्रोग्राम तपासायला लावा, पास झाल्या असत्या. नाव बरोबर, फाइल जागेवर, माहिती हजर. खोटी आहे हे सांगणारं त्यात काहीच नव्हतं, आम्ही दोघी सोडून.

अडलो त्या २३ नोंदींपाशी, ज्यांच्या फाइली आधीपासूनच नव्हत्या. त्यांच्यासाठी उघडायलाही काही नव्हतं. त्या फक्त यादीतच होत्या. इतके दिवस आम्ही त्यांना 'एरर' म्हणत होतो. त्या उडवायला तर मी ऑटो फिक्स लिहिला होता! फाइल हरवल्यावरही ती एकेकाळी होती एवढं सांगणारी जगातली शेवटची ओळ, आणि माझा प्रोग्राम तिला आधी उडवणार. मामांचा लाल पेन तेव्हा आठवला.

लिहिलेल्या खोट्या ओळी डिलीट केल्या. सकाळी सरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं, पॅनेलसमोर गप्प बसल्याचंही.

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मग विचारलं, "यादीची कॉपी घेतली होती?"

"नाही सर."

"बरं, तुम्ही विसरलात. माणूस विसरतो. प्रोग्रामने का नाही घेतली?"

याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. मग म्हणाले, "आणि ६१२ पैकी ६१२ गहाळ आहेत, हे बघून त्याला थांबावंसं का वाटलं नाही? यादी चुकली का डिस्क चुकली, हे त्याला कुठून कळलं?"

त्यानंतर त्यांनी कागद पुढे ओढला आणि जे आठवेल ते सांगायला लागले, आम्ही लिहून घेतलं. दोन दुपारी गेल्या. ४१ नोंदी आठवल्या. त्या २३ पैकी एक त्यांनी न थांबता सांगितली. फाइलचं नाव, साइज १८,३१७ बाइट, आणि माहिती: 'मित्राने लिहिलेला. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर मराठी अक्षरं काढतो. जोडाक्षरं अजून नीट येत नाहीत, पुढच्या व्हर्जनमध्ये येतील.'

"आलं का सर पुढचं व्हर्जन?" पार्टनरने विचारलं.

"नाही. तो राहिला नाही. फ्लॉपी त्याच्या घरीच होती." सरांनी पेनाचं टोपण लावलं. "म्हणून ती ओळ मी कधी काढली नाही."

मॅडमना आम्ही जाऊन भेटलो. बावीसचे सतरा झाले. होस्टेलवर कुणी म्हणालं, वेड्या आहात, कोण बघणार होतं? आम्हाला सतराचं फारसं वाईट वाटलं नाही. ८६ नोंदींचं वाटतं, अजूनही. त्यांच्यापुढे आम्ही जागा रिकामी ठेवली आहे आणि एवढंच लिहिलंय, 'माहिती होती, आमच्या हातून गेली.'

प्रोग्राम आता बदललाय. सुरू झाला की आधी यादीची कॉपी घेतो. फोल्डरच सापडला नाही तर पुढे जात नाही. दहा टक्क्यांहून जास्त फाइली गहाळ निघाल्या तर थांबतो आणि विचारतो, 'डिस्क नीट लावली आहे ना?' नोंदी शून्य आल्या तर 'जुळते' म्हणत नाही, 'तपासायला काही नाही' म्हणतो. ऑटो फिक्स काढून टाकलं. आता तो ओळ उडवत नाही, ओळीच्या शेवटी 'आढळली नाही' आणि तारीख टाकतो. रिपोर्टच्या आभाराच्या पानावर लॅबच्या मामांचं नाव बघून एक्स्टर्नलनी भुवया उंचावल्या, पण आम्ही ते खरोखर मनापासून लिहिलं होतं.

शेवटच्या दिवशी सरांनी पेन ड्राइव्ह पुन्हा आमच्या हातात दिला. म्हणाले, "तुमचा प्रोग्रामही टाका यात, आणि यादीत ओळ लिहा. फाइल आहे आणि यादीत नाही असं नको." ४५ अक्षरांच्या ओळीत काय मावणार, यावर आम्ही दोघी तासभर भांडलो. शेवटी प्रोग्रामच्या नावापुढे दोन ओळींत लिहिलं:

'यादी तपासतो. एकदा यादी उडवली आहे.
आधी कॉपी घ्या.'